सामानाच्या खोलीतला पारा

घरातली सर्वांत गरम खोली कोणती, हे घरमालकाला विचारून उपयोग नसतो. तो दिवाणखाना सांगतो, कारण दुपारी तो तिथेच बसलेला असतो. जिथे तो कधी पाऊल टाकत नाही त्या खोलीबद्दल त्याला काय ठाऊक असणार? हे मला नोकरीतल्या एका उन्हाळ्यात कळलं. त्याची हकीकत लिहावी की नाही यावर मी बराच विचार केला. विषय चारचौघांत बोलायचा नाही. पण दिवाळीचा अंक बायकाही वाचतात, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी ट्रेसर आहे. म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या मावशीला अजून वाटतं की मी टायपिस्ट आहे. आमचे साहेब घरांचे नकाशे करतात. ते जाड कागदावर पेन्सिलीने घर काढतात. त्यावर मी निळसर, तलम, खळ दिलेलं कापड ताणून बसवते आणि खालच्या रेषा शाईने गिरवते. त्या कापडावरून मग हव्या तेवढ्या प्रती निघतात. साहेबांची कचेरी आधी मुंबईत होती. बॉम्ब पडतील या भीतीने लोक मुंबई सोडू लागले तेव्हा तेही कर्जतला आले आणि इथेच रमले. माझे वडील रेल्वेत, आमचं बिऱ्हाड स्टेशनजवळच्या क्वार्टर्समध्ये. शाळा सगळी इंग्रजीत झाल्यामुळे मराठी मी घरात आणि बाजारात शिकले. बोलताना मी आधी वाक्य मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. मुकाट्याने रेषा गिरवायचं काम मला म्हणूनच आवडलं.

त्या कापडाचा एक शत्रू आहे, पाणी. घामाचा एक थेंब पडला की खळ विरघळते, डाग उठतो आणि दिवसाचं काम फुकट. त्यामुळे खोलीचा कुठला कोपरा कधी तापतो याचा अभ्यास मी नाइलाजाने केला. सकाळी दाराजवळ, दुपारी आतल्या भिंतीशी, उन्हं कलली की उत्तरेच्या खिडकीखाली, असं माझं टेबल कचेरीभर फिरू लागलं. साहेबांनी काही दिवस ते पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या टेबलाला चाकं लावून देऊ का?" मग त्यांनी लाकडी पट्टीवर बसवलेला एक थर्मामीटर माझ्या हवाली केला. तेव्हापासून एखाद्या गिऱ्हाइकाने 'खोली तापते' अशी तक्रार केली की मला पाठवतात.

लोकांना वाटतं, खोली तापते ती खिडकीतून येणाऱ्या उन्हाने. तो भाग थोडा. ऊन डोक्यावर असताना तापतं ते छप्पर. कौलांना फटी असतात, गरम हवा त्यातून निसटते. पत्र्याला फट नाही. तो तव्यासारखा तापतो, आणि त्याची तापलेली बाजू खालच्या माणसाकडे असते. दुपार टळली की सूर्य खाली येतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर अगदी समोरून मारा करतो. जाड भिंत ती उष्णता पोटात ठेवते आणि रात्री, माणसं अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा, हळूहळू सोडते. शिवाय गरम हवा वर चढते. वर तिला वाट ठेवली नसेल तर ती तिथेच कोंडून राहते. म्हणून एकाच घरात माजघर गार असतं आणि त्याच्या शेजारची खोली भट्टी. थंडीतला प्रकार वेगळा. रात्री डोंगरावरची गार हवा उतारावरून पाण्यासारखी खाली येते, आणि घाटाकडे तोंड असलेल्या खोल्या गारठतात.

खालापूरला एक पेन्शनर गृहस्थ होते. त्यांची तक्रार थंडीची. नवरा-बायकोच्या खोल्या शेजारी शेजारी, एकाच मापाच्या, पण यांची बर्फासारखी आणि बाईंची उबदार. "बांधकामात लबाडी आहे," ते मला म्हणाले. "हिच्या भिंतीत जास्त विटा घातल्यात."

मी थर्मामीटर टांगला. बाई दारातून म्हणाल्या, "अहो, माझ्या भिंतीपलीकडे चूल आहे. पहाटेपासून पेटलेली असते."

"मग आपण खोल्या बदलू."

"बदला की. उबेबरोबर पहाटे उठून चूल पेटवायचं कामही तुमच्याकडे."

गृहस्थांनी त्याच आठवड्यात साहेबांना कळवलं की तक्रार मागे घेतली आहे आणि थंडी प्रकृतीला चांगली असते.

अशी सगळीच कामं हसण्यावारी गेली असती तर बरं झालं असतं.

भाऊशेठ हे कर्जतचे भाताच्या गिरणीचे मालक. नदीपलीकडे त्यांनी बंगला बांधला तो आमच्याच साहेबांच्या नकाशावरून, पण मी नोकरीला लागण्याआधी. एका चैत्रात त्यांचा माणूस निरोप घेऊन आला की दिवाणखान्यात बसवत नाही, काहीतरी करा. मी जुना नकाशा आणि थर्मामीटर घेऊन टांग्याने गेले. टांगा परत न्यायला संध्याकाळी येणार होता.

"या बाय, या," भाऊशेठ म्हणाले. "ह्यो बघा दिवानखाना. इथं पाव्हना बसवला तर चहा न घेता पळतो. तुमच्या सायबाला सांगा, याच्यापरीस माज्या गिरनीचं इंजिन गार."

दिवाणखान्याचं कारण मला उंबऱ्यावरच दिसलं. रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचं तोंड पश्चिमेला, म्हणून सगळ्यांत मोठ्या खिडक्या पश्चिमेला. त्या खिडक्यांपुढे उतरतं छप्पर बांधायला हवं होतं. "म्हंजी रस्त्यावरनं बंगला दिसायचा नाय," भाऊशेठ म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

तरी मोजमाप सगळ्या खोल्यांचं घ्यायचं अशी माझी पद्धत. भाऊशेठच्या बायको, ज्यांना सगळं गाव काकी म्हणायचं, मला घर दाखवत हिंडल्या. माजघर, देवघर, स्वयंपाकघर झालं. राहिली मागच्या अंगाची, दक्षिणेकडे बाहेर काढलेली आणि म्हणून पश्चिमेचं ऊन अंगावर घेणारी एक लहान खोली. घरावर मंगलोरी कौलं, पण या कोपऱ्यावर पत्रा होता. गिरणीची शेड घातली तेव्हा उरलेला. नकाशावर तिथे लिहिलं होतं, 'सामान'.

"तिकडं नको," काकी म्हणाल्या. "सामानाची हाय ती."

तेवढ्यात आतल्या सामानाच्या बांगड्या वाजल्या.

काकींनी माझ्याकडे पाहिलं, मी नकाशाकडे पाहिलं. आमच्या नकाशांत देवघराला नाव असतं, न्हाणीघराला असतं, पायखान्यालाही असतं. बायकांनी महिन्यातले चार दिवस बाजूला बसायच्या खोलीला मात्र नाव नसतं. मालक ती सांगताना खाकरतो, साहेब खाली बघून 'सामान' लिहितात, आणि मी ते सुबक अक्षरांत गिरवते. आणि एकदा सामान म्हटलं की तिला कोण सावली देणार? घराचा जो कोपरा दुसऱ्या कशाच्या कामाचा नसतो तो तिच्या वाट्याला येतो, आणि छपराला जे उरलं असेल ते.

"सून हाय," काकी हळूच म्हणाल्या. "अनसू. तिला फिट येते गं बाय. बाजूला बसली का येतेच. डोळं पांढरं, अंग गळून जातं. देवरुषी म्हनतो, बाहेरचं हाय."

"पावसाच्या आधी बापाकडं धाडनार तिला," भाऊशेठ मागच्या ओट्यावरून बोलले, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "लेकासाठी दुसरी बघून ठेवलीय. खोट असलेला माल कोन घरात ठेवतो?"

आतल्या बांगड्या थांबल्या.

मी वाक्य जुळवत राहिले. शेवटी विचारलं, "काकी, थंडीत पण येते का फिट?"

काकींनी आठवून पाहिलं. "थंडीत... नाय. पावसात बी नाय."

"म्हणजे फक्त उन्हाळ्यात?"

"आनि भातं कापायच्या टायमाला एकदा. का गं? भूत बी ऋतू बघून येतं काय?"

भातकापणीच्या आधी आमच्याकडे जे ऊन पडतं ते वैशाखाला लाजवतं. मला त्या खोलीत थर्मामीटर टांगायचा होता, आणि दुपारभर तिथे थांबायचं होतं. पण त्या दाराच्या आत गेलेलं माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात परत येऊ शकत नाही, आणि काकी मला तसं जाऊ देणार नव्हत्या. तेव्हा मी जे बोलले ते न जुळवता बोलले.

"काकी, मला... आत्ताच कळलं. मलाही बाजूलाच बसावं लागेल. टांगा येईपर्यंत."

काकी दोन पावलं मागे सरकल्या. "आत्ता गं! आनि मडमांच्या शाळेतली पोर तू. तुमच्यात पाळत्यात?"

"आई पाळते," मी म्हणाले. हे खरं होतं.

दार उघडलं गेलं. अंगावर आली ती हवा नव्हती, वाफ होती. आत सतरा-अठराची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून ती घाईने उभी राहिली, मग मीही तिच्यासारखीच आहे असं काकींनी बाहेरून सांगितल्यावर हसली. पश्चिमेला एक हातभर खिडकी, तिचं दार लावलेलं, कारण पलीकडून गिरणीचे हमाल जात-येत. वर झरोका नाही. कोपऱ्यात एक तांब्या, त्यात तळाशी थोडं पाणी.

मी खिळ्याला थर्मामीटर अडकवला.

"ह्ये काय करतं?" अनसूने विचारलं.

"ताप मोजतं."

"माझा?"

"खोलीचा."

तिला फार हसू आलं. पदर तोंडावर धरून ती म्हणाली, "खोलीला ताप! मग हिला बी देवरुषाकडं न्या."

दुपार चढली तसे आमचे दोघींचे शब्द कमी झाले. पत्रा मधूनमधून तडतडत होता. मी विचारलं की फिट यायच्या आधी काय होतं. ती म्हणाली, "कान वाजत्यात. मग पत्रा खाली खाली येतो. मग काय नाय."

"माहेरी कधी झालं होतं?"

"माहेरी गवताचं छप्पर हाय. बाजूला बसायचं ते गोठ्याच्या पडवीत. तिथं वारा येतो, म्हशी असत्यात, बोलायला बरं." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा. माझ्यात खोट हाय का?"

मला ठाम उत्तर द्यायचं होतं, पण मी डॉक्टर नव्हते. म्हणून पाऱ्याकडे बोट दाखवलं. तो एकशे आठावर गेला होता. माणसाच्या अंगात एवढा ताप चढला तर घरात रडारड सुरू होते. तेवढ्या गरमीत ही मुलगी तांब्याभर पाणी दिवसभर पुरवत होती, कारण पाणी मागितलं की कुणालातरी हातातलं काम टाकून, अंतर राखून, वरून ओतायला यावं लागतं. "मागायला लाज वाटते," ती म्हणाली. तिने तांब्या माझ्यापुढे सरकवला. "तुमी प्या. पाव्हन्या."

माझे स्वतःचे कान वाजायला लागले होते. मी दार ठोठावलं आणि ओरडले, "काकी, पाणी! घागरभर पाणी आणा!" एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. अनसू माझ्याकडे बघतच राहिली. काकींनी पाणी आणलं, ओतलं, आम्ही प्यायलो, डोक्यावर घेतलं. त्या दिवशी फिट आली नाही.

उन्हं उतरली, टांगा आला. मी थर्मामीटर काढून बाहेर पडले. काकी दाराशीच उभ्या होत्या. "किती म्हनतंय तुमचं यंत्र?" त्यांनी विचारलं, आणि मी नेहमीसारखा थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला.

मग आमच्या दोघींच्याही ते लक्षात आलं.

बाजूला बसलेली बाई कुणाच्या हातात काही देत नाही. वस्तू खाली ठेवते, दुसरीने ती पाणी शिंपडून उचलायची असते. लहानपणापासून पाळणारीच्या हातून ही चूक झोपेतही होणार नाही. काकींनी हातातल्या लाकडी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघत होते. आता त्या ओरडणार, साहेबांकडे तक्रार जाणार, मला वाटलं.

"ह्यो आकडा कंचा गं?" काकींनी विचारलं.

"एकशे आठ."

"आनि माज्या माजघरात?"

"सकाळी नव्वदच्या आत होता. आता जास्तीत जास्त ब्याण्णव असेल."

काकी थर्मामीटर हातात घेऊनच माजघरात गेल्या, खुंटीला लावून बराच वेळ त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. आंघोळीला गेल्या नाहीत. परत आल्या तेव्हा स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "आमी बंगल्यात आलो तवा माझं सुटलं होतं. त्या खोलीत बसलेय कोन? ती एकलीच."

मग त्या ओट्यावर गेल्या. त्यांच्यामागे मी.

"अहो, सामानाची खोली नीट करायला पायजे."

"का? सामानाला काय झालं?" भाऊशेठ म्हणाले.

"खराब होतंय."

"कंचं सामान?"

"लेकाच्या लग्नात आनलेलं."

भाऊशेठ अंगणातल्या आंब्याकडे बघायला लागले. झाडाला यंदा कैरी धरली नव्हती, बघण्यासारखं काही नव्हतं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काय करायला लागंल, बाय?"

मी सांगितलं. पत्र्यावर भाताचा पेंढा जाड शाकारायचा. आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत, म्हणजे मधल्या हवेचा आडोसा होतो. वर दोन्हीकडे झरोके. पश्चिमेच्या भिंतीला उतरती पडवी, म्हणजे खिडकी उघडी ठेवता येईल. आणि आत मोठा माठ, रोज भरलेला.

"पेंढा? बंगल्यावर? गाव हसंल. भाऊशेठनं गोठा बांधला म्हनतील."

"हसू द्या," काकी म्हणाल्या. "दुसरी आनाल ती बी त्याच पत्र्याखाली बसनार. मग तिला बी धाडा आनि तिसरी बघा. सगळा तालुका पालथा घाला."

"बरं बरं. पावसापत्तूर बघू," भाऊशेठ म्हणाले. "तवर फिट आली तर माझा शब्द तो शब्द."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे त्या कोपऱ्याचा नकाशा ठेवला. "सामानाला झरोके कशाला?" त्यांनी विचारलं. वाक्य मी रात्रीच जुळवून ठेवलं होतं. "त्या खोलीत माणूस राहतं, साहेब." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि झरोके थोडे मोठे करून दिले. त्यानंतर कचेरीत येणाऱ्या प्रत्येक नव्या घराच्या नकाशावर साहेब ती खोली कोरी सोडतात आणि म्हणतात, "तेवढी जागा तुम्ही ठरवा." मी ती उत्तरेला घेते, कौलांखाली, पाण्याजवळ. मुळात ती खोलीच नसावी असं मला वाटतं. हे मी साहेबांना किंवा कुठल्या काकींना अजून म्हटलेलं नाही. इथे लिहिते आहे.

वैशाखात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तट्ट्या लागल्या, पेंढा चढला हे टांगेवाल्याकडून कळलं होतं. पण उष्णता मोजता येते, माणसाचं सांगता येत नाही. मी चुकले असेन, तिला खरंच काही दुखणं असेल तर? मग त्या मुलीला दोन महिन्यांची आशा लावून आपण काय मिळवलं? एका बाजारच्या दिवशी गर्दीच्या पलीकडे मला काकी दिसल्या. भाजी घेता घेता त्यांनी मला पाहिलं. एवढ्या लांबून काय बोलणार? त्यांनी नुसता हात वर केला आणि 'नाय' असा हलवला. मी घरी येऊन आईला काही न सांगता खूप वेळ पाणी पीत बसले.

ज्येष्ठातही तोच हात. मग पाऊस लागला आणि अनसूला कुणी कुठे धाडलं नाही.

पुढच्या चैत्रात भाऊशेठचा पुन्हा निरोप आला. दिवाणखान्यात बसवत नाही. मी भर दुपारी गेले. दिवाणखाना रिकामा होता. काकींनी ओठांवर बोट ठेवून मला मागच्या अंगाला नेलं. पडवीवर दुधीचा वेल चढला होता. सामानाच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि सारवलेल्या गार जमिनीवर चटई टाकून भाऊशेठ घोरत होते.

"रोज हितंच निजतात," काकी कुजबुजल्या. "घरात याच्यासारखी गार खोली नाय म्हनतात. मी सारवून घेते, गोमूत्र शिंपडते, झालं."

तेवढ्यात अनसू परसातून आली. मला पाहून हसली, पण जवळ आली नाही, लांबच उभी राहिली. तेव्हा मला कळलं, आणि काकींनाही. सासऱ्याशी ती कधी तोंड वर करून बोललेली नव्हती. घरात लग्न होऊन आल्यापासून नाही. काकी तिच्यासाठी पुढे होणार तोच तिने मान हलवून त्यांना थांबवलं.

"मामंजी," ती दारातून म्हणाली.

घोरणं चालूच.

"मामंजी, उठा. खोली पायजे मला."

भाऊशेठ धडपडून उठले. "आत्ताच डोळा लागला होता गं," ते कुरकुरले.

"दिवानखान्यात पडा," अनसू म्हणाली.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काकींकडे. कुणीच मदतीला येईना. मग चटई गुंडाळली, उशी काखेत मारली, आणि अंग चोरून आमच्या नकाशातल्या सर्वांत मोठ्या, सर्वांत गरम खोलीकडे निघून गेले.